घरटी एक माणूस

आमच्या घरात रोज संध्याकाळी देश दोनदा स्वतंत्र व्हायचा. एकदा सासऱ्यांच्या तोंडून आणि एकदा नवऱ्याच्या. दिवेलागणीच्या आधी दोघं शेतावरून यायचे, हातपाय धुवायचे, समोरच्या छपरीत टेकायचे आणि मी चहा देईपर्यंत त्यांचं जुंपलेलं असायचं. चहा कसा झाला हे त्या घरात मला कोणी कधी सांगितलं नाही.

मी लाखनीची. माझ्या वडलांचं हमरस्त्यावर किराणा दुकान होतं. समोर ट्रक थांबायचे, आणि दुकानाच्या बाकावर दिल्लीपासून मद्रासपर्यंतचं राजकारण चालायचं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन लाखांदूरकडच्या या खेड्यात आले तेव्हा वादावादीचं मला नवल नव्हतं. अडचण एवढीच होती की इथे बाईने वाद ऐकायचा तो मधल्या दाराच्या आत उभं राहून, आणि मी मॅट्रिक पास, वर तोंडाची फटकळ. सासू मी येण्याआधीच वारली होती. मला गप्प बस म्हणून सांगायलाही घरात कोणी बाई नव्हती, ते एक बरं होतं.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. विशीत असताना त्यांनी जंगल सत्याग्रहात गवत कापलं होतं, आणि त्यापायी तुरुंगात जाऊन आले होते. ती हकिगत मी इतक्या वेळा ऐकली की विळा त्यांनी कोणत्या हातात धरला होता हेही मला पाठ होतं. त्यांच्या आईने दार अडवून धरलं होतं आणि लोक काय म्हणतील म्हणून रडली होती, हा त्या हकिगतीतला त्यांचा आवडता भाग. स्वराज्य आलं, मालगुजारी गेली, आता कोणाचा कोणावर हक्क नाही, असं त्यांचं म्हणणं. आमचे हे म्हणायचे की, स्वराज्य अर्धंच आलं. कर आपण भरायचा आणि त्या पैशाने कालवे निघायचे तिकडे उसाच्या मुलखात. विदर्भ वेगळा झाल्याशिवाय खरं स्वातंत्र्य नाही. मामाजी म्हणायचे, एक देश मिळवताना आमचे हाल झाले, तुम्ही आता त्याचे तुकडे मागता. हे म्हणायचे, तुकडे नाही, आपला वाटा. तोवर माझा भात व्हायचा आणि दोघं एकाच परातीसमोर बसून मुकाट्याने जेवायचे.

त्यांचं भांडण तोंडापुरतं होतं तोवर मला त्यात गंमत वाटायची. ते तलावापर्यंत गेलं तेव्हा मात्र गंमत संपली.

आमच्या गावाचा तलाव मालगुजारीच्या काळातला. एका अंगाला लांबच लांब मातीची पाळ, तिच्या पायथ्याशी पाणी सोडायचं दार, त्याला आमच्याकडे तुडुम म्हणतात, आणि पुढे उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. आमच्या बांध्या पाळीला लागून. त्यांच्याच बाजूला, पाळीच्या अगदी कुशीत, मासे धरणाऱ्यांची पंधरावीस घरं. ह्या तलावाच्या पाण्याला कधीच पैसा लागला नव्हता. त्याऐवजी एक रीत होती. मिरुग लागायच्या आधी आठ दिवस कोतवाल गावात हाक फिरवायचा, "घरटी एक माणूस." मग ज्या घराची तलावाखाली जमीन आहे त्या प्रत्येक घरातून एक गडी टोपलं नि फावडं घेऊन पाळीवर जायचा आणि उन्हाळ्यात तडकलेल्या, खचलेल्या जागी नवी माती टाकायचा. सकाळी कोतवाल मोहाच्या झाडाखाली उभा राहून घरांची हजेरी घ्यायचा. माणसाचं नाव नाही, घराचं. आमच्या अंगणात चिंच होती म्हणून आमचं चिंचेचं घर. ज्या घराची हजेरी नाही, त्याला पाणी सगळ्यात शेवटी. कागद नाही, शिक्का नाही, पण ह्या रीतीला कोणी बोट लावल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

माझ्या लग्नाला दोनतीन वर्षं झाली असतील, तेव्हा सरकारने त्या पाण्यावर पट्टी बसवली. तलाव सरकारजमा झालाच होता, आता पाणीही सरकारचं झालं. गाव हादरलं. मामाजींनी त्याच दिवशी सांगून टाकलं की इंग्रजाला जी पट्टी दिली नाही ती स्वराज्यात देणार नाही. आमच्या ह्यांनी मात्र भरली. त्यांचं म्हणणं, भरायची, पावती जपून ठेवायची आणि एक दिवस विदर्भाच्या नावाने हिशेब मागायचा. जमीन दोघांच्या नावे निम्मी निम्मी. त्यामुळे एकाच बांधीच्या अर्ध्या पाण्याची पट्टी भरलेली आणि अर्ध्याची न भरलेली, असा आमच्या घरचा कारभार. अख्ख्या गावाचे असेच दोन तट पडले.

आणि मग गावाने जी चूक केली ती, मला वाटतं, हुशार माणसंच करू शकतात. उन्हाळा आला, कोतवालाने हाक फिरवली. पट्टी भरणारे म्हणाले, आम्ही पैसे मोजले, आता माती सरकारने टाकावी. न भरणारे म्हणाले, सरकारने तलाव हिसकावला, मग माती पण त्यानेच टाकावी. सगळ्या गोष्टीत उलटसुलट बोलणारे मामाजी आणि हे दोघं ह्या एका बाबतीत पहिल्यांदा एकमताने घरी बसले. त्या वर्षी पाळीवर चारपाच जण गेले. पुढल्या वर्षी कोणीच नाही. कोतवाल मोहाखाली एकटाच उभा राहिला आणि घरी गेला. त्याच्या पुढच्या वर्षी त्याने हाकही दिली नाही.

मधे आणीबाणी उठून निवडणूक आली. आमच्या आडगावात एकाच आठवड्यात दोन पक्षांच्या जीपगाड्या आल्या. राज्यावरचा पक्ष म्हणाला, आम्हाला पुन्हा निवडून द्या, पट्टी कमी करतो. विरोधातला म्हणाला, आम्हाला आणा, पट्टीच उडवतो. एकाने विदर्भाला निधी देऊ केला, दुसऱ्याने अख्खा विदर्भच. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण गावाने पोटभर खाल्ला. शाळेसमोरच्या त्या दुसऱ्या सभेला आम्ही बायाही मागे उभ्या होतो. भाषण संपता संपता माझ्या शेजारून एक आवाज गेला.

"सायेब, पट्टी माफ कराल तं करा. पन पाळीवर माती कोन टाकन?"

ती मासे विकणारी म्हातारी होती, पाळीखालच्या वस्तीतली. दर दोन दिवसांनी आमच्या दारात टोपली उतरवायची, आणि मासे दहा मिनिटं निवडण्याच्या निमित्ताने आम्ही तासभर बोलायचो. गावात माझी म्हणावी अशी ती एकच. पुढारी हसला, सरकार बघेल म्हणाला आणि जीपमध्ये बसला. लोकही हसले. तिच्या वस्तीची ना जमीन, ना पट्टी, ना हजेरीत नाव, मग तिने पाळीचं कशाला विचारावं, असं बऱ्याच जणांना वाटलं.

ती का विचारत होती ते मला त्याच वर्षी थंडीत कळलं. सकाळी ती मासे न घेताच आली आणि मला पाळीखाली घेऊन गेली. तुडुमापासून पन्नास पावलांवर, खेकड्यांच्या बिळांच्या खाली, गवतातून पाणी झिरपत होतं. मी म्हटलं, झरा असेल. तिने ओंजळीत पाणी घेतलं आणि माझ्यासमोर धरलं. ते गढूळ होतं.

"पानी सादं रायलं असतं तं कायजी नव्हती, सूनबाई," ती म्हणाली. "ह्याच्यात माती हाय. पाळ आतून खाल्ली जाऊन रायली."

मी मान वर करून पाळीकडे पाहिलं. वर छाताडाइतकं पाणी आणि खाली हिची पंधरावीस घरं. आमचं फार तर धान गेलं असतं. हिची झोपलेली माणसं गेली असती.

संध्याकाळी मी मधलं दार ओलांडून सरळ छपरीत गेले आणि दोघांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी दोघं जाऊन बघूनही आले. पाळ झिरपते यावर दोघांचं एकमत झालं, आणि मग ती कोणामुळे झिरपते यावर रात्रीच्या जेवणापर्यंत वाद चालला. शेवटी अर्ज करायचं ठरलं. माझं अक्षर बरं म्हणून अर्ज मी लिहिला. पहिला ह्यांनी एसटीने लाखांदूरच्या कचेरीत नेऊन दिला. दुसरा मामाजींनी सांगितला तसा लिहिला, त्यात त्यांच्या तुरुंगवासाचा उल्लेख होता. तिसरा मी माझ्या मनाने लिहिला आणि त्यात फक्त घरं किती नि पाणी किती एवढंच होतं. तिन्हींची गत सारखी, उत्तर एकालाही आलं नाही. होळी झाली, उन्हाळा चढला, पाणी खाली गेलं तसं झिरपणं थांबलं आणि गाव म्हणालं, बघा, आपोआप बरं झालं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच.

मी मात्र त्या उन्हाळ्यात नीट झोपले नाही. ओंजळीतलं ते गढूळ पाणी सारखं डोळ्यांसमोर यायचं. मिरुगाला बारातेरा दिवस उरले असतील. एका सकाळी सगळ्यांचा भात मी लवकर उरकला, टोपलं घेतलं, फावडं घेतलं आणि पाळीवर जाते म्हणून सांगितलं.

ह्यांना वाटलं मी चेष्टा करते. मामाजींना मात्र कळलं. ते उठून दारात उभे राहिले. आमच्याकडे घरात गडी असताना पाळीवर बाई गेली, तर त्याचा अर्थ एकच, त्या घरात आता माणूस उरला नाही. विधवेच्या घरून बाई जायची, तेही सकाळी लवकर, कोणी बघायच्या आत. मी ऊन वर आल्यावर, भर रस्त्याने निघाले होते.

"गाव काय म्हनन, सूनबाई? चिंचेच्या घरात मानूस नाही म्हणून सून माती वाहून रायली?"

"घरटी एक मानूस म्हणते ना गाव? मंग मी कोन आहो?"

ते दारातून हलेचनात. तेव्हा मला जे बोलायचं नव्हतं तेही मी पदर खोचून बोलले.

"मामाजी, तुमी गवत कापाले निघाले तवा तुमच्या मायनं असंच दार अडवलं होतं. तुमीच सांगता."

ते बाजूला झाले. रागाने झाले की कशाने, ते मला त्या दिवशी समजलं नाही. ह्यांनी पाठीमागून हाक मारली, मी थांबले नाही. रस्त्यावर बायका दारात आल्या, पारावरची माणसं बोलायची थांबली. परत फिरावंसं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण आता परत फिरले तर जन्मभर मधल्या दाराच्या आतच उभी राहीन, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मोहाखाली कोतवाल सावलीला बसलेला भेटला. मी म्हटलं, चिंचेच्या घरची हजेरी घ्या. तो चांगला माणूस होता, माझ्याकडे बघायलाही लाजला. म्हणाला, घरात गडी असताना बाईची हजेरी लागत नाही, तशी रीत नाही. मग लावू नका, म्हटलं, आणि खाली उतरून मुरूम खणायला लागले. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मी एकटी होते. एक बाई किती माती टाकणार? खचलेल्या जागेचा कोपरासुद्धा भरला नाही आणि हाताला फोड आले. दुपारी म्हातारी आली. तिच्यामागे तिची सून आली, मग वस्तीतल्या आणखी सातआठ जणी. मासे वाहायच्या टोपल्या होत्याच त्यांच्याकडे. त्यांची हजेरी कोणी कधी घेतलीच नव्हती, त्यामुळे त्यांना कोणाला विचारायचंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांचे पुरुषही आले. त्यांनी बिळं शोधून शोधून आत ओली माती कोंबली. पाळीला कुठे दुखतं ते त्यांच्याइतकं गावात कोणालाच माहीत नव्हतं.

घरी तीन दिवस माझ्याशी कोणी बोललं नाही. मी सकाळी रांधायची, जायची, संध्याकाळी येऊन पुन्हा रांधायची. छपरीत वाद बंद झाला होता. ती शांतता मला वादापेक्षा जास्त टोचायची. तिसऱ्या दिवशी जेवताना ह्यांनी माझे हात बघितले आणि ताटावरून उठले, माझ्या फोडांवर तेल लावलं, आणि तरी बोलले नाहीत. हट्टी घराणं.

चौथ्या दिवशी मामाजी आले. काम करायला नाही. मोहाखाली काठी टेकून बसले आणि दिवसभर बघत राहिले. मधेच उठून पाळ कुठे कशी खचली आहे ते फिरून पाहायचे. वस्तीतला एक म्हातारा, त्यांच्याच वयाचा, त्यांच्यापुढून सतरा वेळा माती घेऊन गेला आणि एकदाही त्यांच्याकडे बघितलं नाही. संध्याकाळी ते माझ्या पुढे पुढे घरी चालत गेले. वाटेत पारावर कोणीतरी सुनेबद्दल काहीतरी बोललं. मामाजी थांबले, त्या माणसाकडे पाहिलं, आणि पुढे निघाले.

पाळ टिकली, हे आधीच सांगून टाकते. त्या वर्षी पाऊस असा पडला की तलाव काठोकाठ भरला, आणि मी तीनदा जाऊन बघून आले. त्या जागी गवत ओलं झालं, पण आलं ते पाणी सादं होतं. पाणीपट्टी मात्र पुढेही चालूच राहिली. दोन्ही पक्ष आळीपाळीने राज्यावर आले, उडवतो म्हणणाऱ्याने उडवली नाही आणि कमी करतो म्हणणाऱ्याने वाढवली. विदर्भ वेगळा झाला नाही. ऐंशी साल उलटल्यावर मामाजी वारले, तोवर त्यांनी स्वतःच्या हाताने एक पैसाही भरला नाही. ह्यांच्या पावत्या अजून पेटीत आहेत. दोघांपैकी खरा कोण, हे मला कोणी विचारलं नाही. मी सांगितलं असतं की दोघंही खरे होते, आणि दोघांच्या खरेपणात वीस घरं वाहून गेली असती.

पण मला सांगायचं आहे ते पाचव्या दिवसाचं.

त्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर गेले. ऊन तापायच्या आत दहाबारा टोपली माती वर टाकून झाली होती. खाली बैलगाडीचा आवाज आला. बघते तर हे गाडीत मुरूम भरून आलेले, आणि गाडीमागे मामाजी, हातात फावडं. त्यांच्या मागून दोन्ही तटांतली माणसं येत होती, काही लाजत, काही उगाच मोठ्याने बोलत. इतकी माणसं बघून कोतवालाला जोर आला. तीन वर्षांत न घेतलेली हजेरी त्याने मोहाखाली उभं राहून सुरू केली. पिंपळाखालचं घर. आहे. वेशीवरचं घर. आहे. मी खाली येऊन टोपलं पुन्हा भरून घेतलं होतं आणि अर्ध्या पाळीवर चढले होते, तेव्हा त्याने हाक दिली, "चिंचेचं घर."

ह्यांनी गाडीवरून हात वर केला. हजर म्हणणार, तेवढ्यात मामाजी बोलले. म्हातारपणी त्यांचा आवाज बसला होता, पण त्या सकाळी तो पार वरपर्यंत ऐकू आला.

"आमच्या घरचा मानूस कवाचाच पाळीवर चढला, कोतवाला. आमी दोघं आलो ते मदतीले."

कोतवालाने एकदा वर माझ्याकडे पाहिलं. मग कोतवाल म्हणाला, "आहे," आणि पुढच्या घराची हाक दिली.

माझ्या डोक्यावर भरलेलं टोपलं होतं, मागे वळून बघता येत नव्हतं. डोळे भरून आले, ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. मी वर गेले, माती टाकली, आणि रिकामं टोपलं घेऊन खाली आले तोवर मामाजींचं नि ह्यांचं वेगळ्या विदर्भावरून पुन्हा जुंपलं होतं. फावडी मात्र दोघांचीही चालू होती. मी टोपलं त्यांच्यापुढे ठेवलं, आणि बोलता बोलता दोघांनी मिळून ते भरून दिलं.